बसाक्का आणि लाँचमधली न्हाणी

बसाक्काच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची नव्हती. कमोड होते. पांढरेशुभ्र, झाकण लावलेले, ओळीनं मांडलेले तीन कमोड, आणि चौथ्यावर ती स्वतः. कुणी आत पाऊल टाकलं की ती हात पसरून म्हणायची, "बसा की पावणं. नवं हाय, कुनी वापरल्यालं न्हाय."

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत माझं रंगाचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून तिचं हे नळ, पाइप, बेसिन आणि संडासच्या भांड्यांचं. मला तो प्रकार अजिबात पटायचा नाही. माझ्याकडं डिस्टेंपर घ्यायला आलेला माणूस शेजारी डोकावायचा, धोतर नेसलेला एखादा पाटील कमोडवर बसून चहा पितोय हे बघायचा, आणि हसत तिकडंच जायचा. मी एकदा चिडून म्हणालो, "आक्का, दोन खुर्च्या मी देतो. पण हे बंद कर." तर म्हणाली, "रंगशेट, तुमी खुर्च्या इकता काय? न्हाय ना? मी बी न्हाय इकत."

तिचं माहेर नेसरीजवळचं. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर इरकली लुगडं, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाला उभा असलेला हमाल सांगायचा, आज आक्काचं कुणाशी वाजलंय. आमच्याकडच्या बायकांसारखी तीही 'मी जातो, मी येतो' अशीच बोलायची. नवरा लवकर गेला. त्याचा पत्र्याच्या ट्रंकांचा धंदा होता. लोक सुटकेसी घ्यायला लागल्यावर हिनं ट्रंका मोडीत काढल्या आणि संडासची भांडी आणून मांडली. जावा-नणंदा तोंडाला पदर लावून हसल्या. बाईमाणसानं असला माल विकायचा? बसाक्का म्हणाली, "का? बाईमानूस जात न्हाय व्हय?" मुलगी निपाणीला दिलेली होती, त्यामुळं घरी ती एकटीच असायची आणि दुकान बंद करायला तिला कधीच घाई नसायची.

तिचं एक ठाम मत होतं, आणि ते ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायची. घर बांधताना माणसानं न्हाणी आणि संडास आपल्यासाठी बांधायचा नाही, आपल्यानंतर जो घर विकत घेईल त्याच्यासाठी बांधायचा. "घर घेनारा हॉलमदी गोड बोलतोय," ती म्हणायची, "आन् न्हाणीत शिरला की गप बसतोय. तितं त्यो ठरवतोय."

एक डॉक्टर आले होते. नवा बंगला, नवी बायको, आणि बायकोला गुलाबी बेसिन, गुलाबी कमोड हवा होता. बसाक्काकडं मागवायची सोय होती. पण तिनं मान हलवली. "बेडा," म्हणाली. कानडीत 'नको'. डॉक्टर म्हणाले, "अहो, पैसे मी देणार, वापरणार आम्ही." ती म्हणाली, "व्हय की. पर तुमच्या मागनं येनाऱ्याला गुलाबी बघून शिसारी आली तर? पांढरं घ्या. पांढऱ्यावर कुनाचं भांडान न्हाय." डॉक्टर तडकले आणि पुण्याहून गुलाबी घेऊन आले. काही वर्षांनी त्यांनी बंगला विकायला काढला. तीन गिऱ्हाइकं न्हाणीपर्यंत येऊन परत गेली. मग डॉक्टर पुन्हा बसाक्काच्या दारात उभे. मी माझ्या गल्ल्यावरून मान लांब करून ऐकत होतो, म्हटलं आता ही त्यांची चंपी करणार. पण तिनं हात पसरला. नुसतं म्हणाली, "बसा की पावणं."

विकलेला माल बसवल्यावर ती स्वतः बघायला जायची. आत शिरायची, दार लावून घ्यायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. घरमालक आणि गवंडी बाहेर ताटकळत उभे. आतून नळ सोडल्याचा आवाज, मग बंद केल्याचा, मग काहीच नाही. शेवटी दार उघडून फर्मान सुटायचं: "टावेल अडकवायचा खिळा कुटाय? मानसानं टावेल दातात धरायचा व्हय?" गवंडी तिला टरकून असत.

युसूफ तिच्याकडं आला तो पंपाचं काम करायला. शिरोलीला एका फाउंड्रीत तो मेकॅनिक होता, आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या बंगल्यांचे पंप, मोटारी दुरुस्त करायचा. सडपातळ, कमी बोलणारा, हात सदा ग्रीसनं काळे. बसाक्का त्याला इसूब म्हणायची, आणि लाडात आली की तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. तिला पाठचा भाऊ नव्हता. इसूबला ती दुपारी आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी खायला घालायची आणि वर त्याच्यावरच ओरडायची की तू जेवत का नाहीस. ईदेला त्याच्या घरून शीरखुर्मा आला की हिची ऐट बघावी. पातेलं घेऊन माझ्या दुकानात यायची, वाटी भरून द्यायची आणि म्हणायची, "माज्या तम्माच्या घरचं हाय, सांडू नका."

तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती, आणि जो उठेल तो दुबई-कुवेतच्या गोष्टी करत होता. हातात कसब असलेली पोरं भराभरा निघाली होती. एक दिवस इसूबनंही सांगितलं की मुंबईच्या एका एजंटाकडं कागद दिलेत. त्याला स्वतःची शेड हवी होती. शिरोलीला एक जागा मिळत होती, पण नुसत्या पगारावर ती होणार नव्हती. तिकडं काही वर्षं काढायची आणि परत यायचं, असा त्याचा बेत. बसाक्का ते ऐकून घेत होती आणि हातातला नळ पुसत होती. नळ कधीच लख्ख झाला होता, तरी पुसत होती. मग म्हणाली, "गेल्यालं कोन परत येतंय रे?"

आणि मग इसूबनं लाँच आणली.

रत्नागिरीकडं एका खाडीत ती जुनी लाँच पडून होती. इंजिन मेलेलं, लाकूड मात्र खणखणीत. त्यानं साठवलेलं होतं नव्हतं ते घालून ती घेतली. दुरुस्त करायची आणि विकायची. विकली गेली तर शेड. नाही विकली गेली तर पावसाळ्याआधी दुबई. एजंटाला त्यानं तेवढीच मुदत मागून घेतली होती. हत्यारं, ओळखीचे हात, सगळं शिरोलीत, म्हणून त्यानं लाँच ट्रकवर घालून कोल्हापूरला आणली. मी सोबत गेलतो, रंग माझा लागणार होता ना. मलकापुरात चहाला थांबलो तर ट्रकभोवती ही गर्दी. एक म्हातारा हात जोडून मला विचारतो, "पावणं, औंदा पूर लई मोटा येनार हाय काय?"

फाउंड्रीच्या मागच्या आवारात लाकडाच्या ओंडक्यांवर लाँच टेकवली. इंजिन काढायला सोयीचं म्हणून पुढचं नाक जरा उचलून ठेवलं होतं. लाँचला एक छोटी खोली होती, आणि तिच्या मागं न्हाणी-संडासासाठी जेमतेम एक कोनाडा. तो बघून बसाक्कानं पदर खोचला. "हितं इकली जानार तुजी बोट," ती म्हणाली. "इंजिन कोनबी बगंल. ह्ये मी बगतो."

आणि सुरू झाली भांडणं.

इसूबला त्यात तांब्याचा बंब हवा होता. हो, बंब! लाकडं घालून पेटवायचा. त्याचं म्हणणं, लाँच घेणार कोणी बडा माणूस, त्याच्या पाहुण्यांना गरम पाण्याशिवाय आंघोळ कशी होणार? आणि खरं सांगतो, मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. कोल्हापुरात बंबाशिवाय न्हाणी म्हणजे काय? मी म्हणालो, कोपऱ्यात बसेल की. बसाक्कानं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "लाकडाची बोट," ती म्हणाली, "तिच्या पोटात जाळ घालायचा. धूर कुटनं काडनार? आन् पेटली तर पावन्यांनी टावेलावर उड्या मारायच्या?" बंब गेला.

मग मी हिरवा रंग सुचवला, समुद्राला शोभेल असा. "पांढरा," ती म्हणाली. रंगाच्या बाबतीत माझ्याशी असं कुणी बोललेलं मी खपवून घेत नाही. पण लाँचला आतून पांढराच लागला. नळ पितळी घ्यायचे, कारण खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. बेसिन लहान पण खोल, म्हणजे बोट हलली तरी पाणी अंगावर नको. वर टाकी ठेवायला उंची नव्हती, म्हणून इसूबनं हातानं दाबायचा पंप करून कमोडला जोडला. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती एकच प्रश्न विचारायची, "घेनाऱ्याला ह्ये काडून फेकावं लागंल काय?" 'हो' वाटलं की ती वस्तू परत दुकानात.

शेवटी अडलं ते कमोडचं तोंड कुठं करायचं यावर. इसूब बराच वेळ घुटमळत होता. मग म्हणाला, "आक्का, आमच्यात संडासला बसताना किब्ल्याकडं, म्हंजी पश्चिमेला, तोंड चालत न्हाय. पाठबी चालत न्हाय."

"आरं पर बोट फिरती की," मी म्हणालो. "आज पश्चिमेला, उद्या पूर्वेला. कुणीकडं म्हणून तोंड धरणार?"

इसूबचं तोंड उतरलं. आपल्याला जे चालत नाही ते बसवून दुसऱ्याला विकायचं, हे त्याच्या मनाला लागत होतं. बसाक्का मात्र हसली नाही. "रंगशेट, गप बसा," म्हणाली. "घेनाऱ्याचा देव कंचा, आपल्याला म्हाईत हाय काय? त्यो बी मुसलमान निगाला तर? इसूब, मला सांग, ह्या बोटी जात्यात कुटनं कुटं?"

"किनाऱ्यानं, आक्का. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला."

तिनं जमिनीवर काडीनं एक उभी रेघ ओढली. "म्हंजी वर न्हायतर खाली. उत्तर न्हायतर दक्षिन. मग कमोड बोटीच्या लांबीत बसव, नाकाकडं तोंड करून. जाताना दक्षिनला तोंड, येताना उत्तरेला. पश्चिमेला तोंड कवा येनार? बोट सरळ दुबईला निगाली तरच." इसूब हसला. ती नाही हसली. काडी टाकून म्हणाली, "आन् ही बोट बी तिकडं जानार न्हाय, आन् तू बी न्हाय."

लांबीत बसवायला कोनाडा वाढवावा लागला, खोलीतली एक फळी गेली, पण बसला. आमच्या शिरोलीच्या गवंड्यानं पाणसळ लावून, बुडबुडा बरोबर मधोमध आणून, कमोड आणि बेसिन असं चोख बसवलं की बघत राहावं. बसाक्का आत जाऊन दार लावून बसून आली. "झ्याक," म्हणाली.

गिऱ्हाईक ठरलं वेंगुर्ल्याकडचं, एक हॉटेलवाले सावंत. लाँच पाण्यात बघूनच बोलणार, असा त्यांचा निरोप होता. ती पुन्हा ट्रकवर चढली, घाट उतरली, खाडीत सोडली. बसाक्काही आली. समुद्र तिनं कधी बघितला नव्हता. धक्क्यावर उभी राहून तिनं तो डावीकडून उजवीकडं बघून घेतला. "लई हाय," म्हणाली, आणि पदर सावरून लाँचमध्ये उतरली.

आत गेली, दार लावलं. आणि क्षणभरात आतून जो आवाज आला! "अय्यय्यो शिवने! इसूब! आरं मी घसरतोय!"

आम्ही धावलो. काय झालं असेल? लाँच पाण्यात सरळ तरंगत होती, आणि कमोड पुढं झुकला होता. बसलं की माणूस दारावर जाणार. बेसिनमधलं पाणी भोकाकडं न जाता पुढच्या कडेला साठून राहिलं होतं. डोक्यात प्रकाश पडायला आम्हाला वेळ लागला. शिरोलीत ओंडक्यांवर लाँचचं नाक वर होतं, आणि आम्ही शहाण्यांनी सगळं जमिनीच्या हिशेबानं पाणसळीत बसवलं होतं. जन्मभर घरं बांधलेली माणसं आम्ही! घर कधी कलतं का?

सावंत दुपारी येणार होते. इसूब घामेजला. "आक्का, दाराला कुलूप लावू," तो म्हणाला. "सांगू की आत रंग वला हाय. त्येंनी इंजिन बगू दे. एकदा हो म्हनले की मग मी नीट करून दीन."

मला ते पटलं होतं, कबूल करायला लाज कसली. रंग ओला आहे हे सांगायला तर मीच हजर होतो. पण बसाक्कानं त्याच्याकडं असं बघितलं की तो खालीच बघायला लागला. "मी बशिवल्यालं वाकडं हाय," ती म्हणाली, "आन् त्ये झाकून इकायचं? त्यापरीस तू दुबईला जा." असं म्हणाली आणि पदर खोचून कमोडपाशी बसली. तो जावा असं तिला या जगात सगळ्यात कमी वाटत होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग स्क्रू निघाले. पाणसळ लावावी तर बुडबुडा या टोकाचा त्या टोकाला पळतोय, लाँच जरा म्हणून स्थिर नाही. इसूबनं ती वैतागून भिरकावली. बसाक्का म्हणाली, "रंगशेट, बसा."

"कुठं?"

"कमोडवर. दोनी पायांवर सारका भार आला की सांगा."

मी लक्ष्मीपुरीतला जुना व्यापारी. माझी पोरं तेव्हा कॉलेजात जायची. आणि मी भर खाडीत, दार सताड उघडं, त्या भांड्यावर बसलेला, आणि माझ्या पायाशी बसाक्का गुडघे टेकून लाकडाच्या पाचरी ठोकतेय. "आता?" "अजून पुढं जातोय." ठक ठक. "आता?" "डावीकडं." ठक ठक. आणि या अवस्थेत माझं वर लक्ष गेलं, तर दारात सावंत उभे. चांगल्या देहाचा माणूस, पांढरे कपडे, हातात छत्री.

"काय चाललाय ह्या?" ते म्हणाले.

मी उठायला लागलो तर बसाक्कानं माझा गुडघा दाबून मला परत खाली बसवलं. आणि तिथूनच, पाचर हातात धरून, मान वर करून तिनं सगळं सांगितलं. ओंडके, नाक वर, पाणसळ, सगळं. एक गोष्ट गाळली नाही. "आमी मातीतली मानसं," ती म्हणाली. "पान्यातलं कळाय उशीर लागला. चूक माजी हाय, ह्या पोराची न्हाय. इंजिन त्येनं केलंय, त्यात खोट सापडायची न्हाय. आता उटा रंगशेट. बसा की पावणं, तुमीच बसा. तुमच्या भारानं बगू."

सावंतांनी तिच्याकडं बघितलं. छत्री माझ्या हातात दिली. आणि बसले! ती पुन्हा ठोकायला लागली. पुढं, मागं, जरा उजवीकडं. त्यांनी पंप दाबून बघितला, नळ सोडला, कमोडचं तोंड लांबीत का म्हणून विचारलं. तिनं तेही सांगितलं. इसूब दाराची चौकट धरून उभा होता, त्याची बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती.

बसाक्का पाचर चाचपत म्हणाली, "तुमच्या भाराला बरोबर हाय. पर एवड्यावर ठेवत न्हाय. तुमी मजबूत, पुडचा घेनारा बारीक असंल. उद्या तुमी इकाय काडली तर अडचन नको."

"विकूक?" सावंत कमोडवरून उठत म्हणाले. "अगो बाय, मी काय विकूक घेतंय?"

ती ठोकायची थांबली. 'घेतंय' म्हणाला होता माणूस. भावाची घासाघीस नाही, बैठक नाही, सहज तोंडातून निघून गेलं होतं. त्यांच्याही ते लक्षात आलं आणि ते जरासे हसले.

इसूब उंबऱ्यावर खाली बसला आणि टोपीत तोंड खुपसून हमसून रडला. बसाक्का गुडघ्यांवरच होती. तिला उठता येईना. ती हातातली पाचर टाकून त्याच्यापर्यंत तशीच सरकत गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तू गेला असतास तर मी कुनाला जेव म्हनून वरडलो असतो रे तम्मा?"

बसाक्का जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटी ती अंथरुणाला खिळली होती तेव्हाही मी तिला बघायला जायचो, पण ते बघणं मी धरत नाही. माझ्या लेखी तिचं शेवटचं दर्शन त्या दुपारचं. सावंतांना लाँच चालवून बघायची होती. इंजिनवर त्यांचा माणूस बसला. आम्ही धक्क्यावर उतरलो. बसाक्का काही उतरेना. चालत्या बोटीत बेसिनचं पाणी कुठं जातंय ते बघायचं राहिलंय, म्हणाली. लाँच सुटली. ती न्हाणीच्या दारात उभी, एक हात चौकटीवर, कपाळावरची विभूती घामानं पुसलेली. लाँच थोडी दूर गेली तशी तिला काहीतरी आठवलं. तोंडाशी हात धरून ती ओरडली,

"इसूब! उद्या सकाळी दुकानाकडं ये रं! शाहूपुरीतला पंप बगायचा हाय!"

"व्हय, आक्का!" इसूब ओरडला. "येतो!"